बॅग कोणी भरायची?

रात्री पावणेबाराला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी आतेबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती रडत नव्हती. मोरीत नळ सोडून अगदी हळू आवाजात बोलत होती. "आज परत झालं," एवढंच म्हणाली. मी जराही विचार न करता सांगितलं, "ताई, बॅग भर. छोटीला घे आणि सकाळच्या पहिल्या एसटीने इकडे ये."

दुसऱ्या दिवशी ती स्वारगेटला उतरली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं आणि हातात एकच बॅग होती. घरी येऊन उघडली तर आत छोटीचे कपडे, तिचे दोन ड्रेस, आधार कार्ड आणि टीव्हीचा रिमोट. रिमोट कधी आणि का भरला, ते तिलाही आठवेना. आम्ही दोघी त्यावर हसलो आणि हसता हसता ती रडायला लागली.

त्या आठवड्यात मी स्वतःवर खूश होते. योग्य वेळी योग्य सल्ला दिला, एका बाईला वाचवलं, असं मला वाटत होतं. मैत्रिणी म्हणाल्या, बरं केलंस. आई म्हणाली, बरं केलंस.

महिनाभराने एका संध्याकाळी मेथी निवडताना ताई म्हणाली, "एक सांग. मारलं त्याने. मग घर मी का सोडलं?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

*

ताईने मागे काय सोडलं होतं ते आधी सांगते. नवऱ्याच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं पिको-फॉलचं मशीन होतं. आठ वर्षांत तिने गिऱ्हाइकं जोडली होती. दारावर पाटी नव्हती, पण गल्लीत कुणालाही विचारलं असतं तर घर दाखवलं असतं. पाच-सहा जणींच्या साड्या तशाच घडी करून ठेवलेल्या होत्या. छोटी त्याच गावात दुसरीत होती, तिची शाळा अर्ध्या वर्षात तुटली. शेजारच्या काकू, उधारीवर किराणा देणारा दुकानदार, भिशी हे सगळं तिथेच राहिलं.

नवऱ्याचं काय गेलं? काहीच नाही. तो त्याच घरात झोपत होता, त्याच कामावर जात होता, त्याच टपरीवर चहा पीत होता. फक्त टीव्हीचा रिमोट तेवढा गेला.

माहेरी ती जाऊ शकली नाही, कारण तिथे दोन खोल्यांत भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आत्या. आपल्याकडे मुलीला दोन घरं असतात म्हणतात. एक सासर, एक माहेर. ताईच्या हिशेबाने पहिलं नवऱ्याचं होतं, दुसरं भावाचं. म्हणून ती माझ्या भाड्याच्या वन आरकेमध्ये आली. घरमालकाने आठव्या दिवशी विचारलं, "पाहुण्या किती दिवस आहेत?"

*

स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धचे कायदे मजबूत करा, असं आपण सगळे म्हणतो. पण मजबूत म्हणजे काय, हे विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शिक्षा येते. अधिक वर्षं, जन्मठेप, फाशी. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केलं. चर्चा झाली ती त्यातल्या मृत्युदंडाच्या तरतुदीची. ते विधेयक पुढे कायदा झालं नाही, पण त्या काळात माझ्या फोनवर आलेले मेसेज मला आठवतात. सगळे शिक्षेबद्दल होते. मीही त्यातले दोन पुढे पाठवले होते.

ताईच्या प्रश्नानंतर मला वाटायला लागलं की शिक्षा हा नंतरचा प्रश्न आहे. त्याच्या आधी एक साधा, रोजच्या जगण्यातला प्रश्न येतो: हिंसा झाली, की कोणी निघायचं?

हा प्रश्न घेऊन आजूबाजूला बघा. कॉलेजच्या रस्त्यावर छेडछाड होते, म्हणून मुलींच्या होस्टेलचं गेट लवकर बंद होतं. ऑफिसमध्ये कुणी तक्रार केली, तर तिला दुसऱ्या टीममध्ये हलवतात, "तुझ्याच भल्यासाठी". कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा २०१३ चा कायदा सांगतो की चौकशी चालू असताना, तक्रारदार बाईने लेखी मागणी केली तर, तिची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली करता येते. कायद्यात दोन्ही पर्याय आहेत. तुमच्या ओळखीतल्या किती ठिकाणी दुसरा पर्याय वापरला गेला, ते आठवून पाहा. बसमध्ये त्रास झाला की आपण जागा बदलतो. इन्स्टाग्रामवर घाण मेसेज आले की आपण अकाउंट प्रायव्हेट करतो.

प्रत्येक वेळी बाई हलते आणि त्या हलण्याला आपण "सुरक्षा" म्हणतो.

*

मराठी मुलखात हा प्रश्न जुना आहे. १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी नावाच्या गृहस्थाने आपल्या बायकोवर दावा लावला. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, नंतर माहेरीच वाढली, शिकली आणि मोठी झाल्यावर त्याच्या घरी नांदायला जायला तिने नकार दिला. ती म्हणजे रखमाबाई. पहिल्या न्यायाधीशाने, पिन्हे यांनी, १८८५ मध्ये निकाल तिच्या बाजूने दिला. अपील झालं, प्रकरण पुन्हा चाललं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजीने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं रुग्णसेवा केली.

आपण ही गोष्ट एका धीट बाईची म्हणून वाचतो आणि ती तशी आहेच. पण कायद्याच्या बाजूने पाहिलं तर त्या न्यायालयापुढे प्रश्न एवढाच होता की या बाईने कोणत्या घरात असावं. तिला कुठे राहायचंय, हा प्रश्नच नव्हता. तिला हलवण्याचा अधिकार कुणाचा, यावर वाद होता.

दुसऱ्या बाजूला आपले सुधारक होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन उघडलं. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. या कामाचं मोल मी कमी करत नाही. ज्यांना घराने बाहेर टाकलं, त्यांच्यासाठी या माणसांनी स्वतः शिव्या खाऊन छप्पर उभं केलं. पण एक गोष्ट त्यांच्याही हातात नव्हती. घरातून जिला निघावं लागलं तिला ते आसरा देऊ शकत होते. ज्याने तिला निघायला लावलं त्याला घराबाहेर काढू शकत नव्हते. ते काम फक्त कायदाच करू शकतो.

आणि कायद्याला ते सुचायला २००५ साल उजाडलं.

*

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याआधी १९८३ पासून भारतीय दंडसंहितेत ४९८-अ होतं, जे आज भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांमध्ये आहे. त्यात नवऱ्याला आणि सासरच्यांना शिक्षा होऊ शकते. पण गुन्हा नोंदवून आलेली बाई त्या रात्री कुठे झोपणार, याबद्दल ते कलम काही बोलत नाही.

२००५ चा कायदा तिथून सुरू होतो. त्याचं कलम १७ सांगतं की ज्या घरात ती नांदली, त्या सामाईक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी मारणाऱ्यालाच घराबाहेर जायचा आदेश देऊ शकतात. माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे छापलेलं होतं. वीस वर्षं होतं. ताईला माहीत नव्हतं हे समजू शकते. मी पदवीधर, दिवसाचे पाच तास फोनवर असणारी, मलाही माहीत नव्हतं.

हा कायदाही सरळ चालत आला नाही. २००६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात "सामाईक घर" याचा अर्थ अरुंद केला. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असेल तर सुनेला तिथे हक्क सांगता येणार नाही, असा तो निकाल. आपल्याकडे किती तरुण जोडप्यांचं घर स्वतःच्या नावावर असतं? त्या एका अर्थाने असंख्य जणींच्या हातातलं कलम १७ निकामी झालं. चौदा वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०२० ला, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सतीशचंदर अहुजा विरुद्ध स्नेहा अहुजा या खटल्यात तो अर्थ चुकीचा ठरवला. कायद्याचा एक शब्दही बदलला नव्हता. बदललं ते वाचन. कायदा मजबूत करणं म्हणजे नेहमी नवा कायदा आणणं नव्हे, हे मला इथे कळलं.

*

आता तुमच्या मनात आलेला आक्षेप. माझ्याही मनात आला होता. बाई खोटं बोलत असेल तर? कुणाला त्याच्या स्वतःच्या घरातून, काही सिद्ध व्हायच्या आत, बाहेर काढायचं हा अन्याय नाही का?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. माणूस निर्दोष असू शकतो आणि घरातून निघणं ही छोटी गोष्ट नाही. मी ताईच्या चेहऱ्यावर ते रोज पाहत होते.

पण नेमकं हेच बघा. निकाल लागायला वेळ लागतो. तोपर्यंत खरं काय, हे न्यायालयाला माहीत नसतं. त्या मधल्या काळात दोघं एका छताखाली राहू शकत नाहीत. म्हणजे कुणाला तरी हलावं लागणार, अजून काहीही सिद्ध झालेलं नसताना. आपण आजवर हा भार न बोलता तिच्यावर टाकत आलो. तो बाहेर गेला तर त्यासाठी अर्ज लागतो, सुनावणी लागते, आदेश लागतो, त्यावर अपील होतं. परिस्थिती बदलली तर आदेश बदलूनही घेता येतो. ती बाहेर गेली तर काहीच लागत नाही. एक बॅग आणि पहिली एसटी. तिच्या जाण्याचा कुठेही कागद होत नाही, म्हणून तो अन्याय आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणजे पुराव्याशिवाय एका माणसाला घराबाहेर काढणारी व्यवस्था आपल्याकडे आधीपासूनच होती. कायद्याने तिला पहिल्यांदा न्यायाधीशासमोर आणलं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो मला अजून टोचतो. ताईच्या घरात सासूबाई आहेत. घर सासऱ्यांच्या नावावर होतं, ते गेल्यावर सासूबाईंकडे आलं. त्यांनी ताईला कधी मारलं नाही, कधी वाचवलंही नाही. त्यांच्या म्हातारपणाचा आधार तो मुलगाच आहे. त्याला बाहेर काढलं तर त्यांच्यावर अन्याय होत नाही का? कायद्याने इथे एक मर्यादा घातली आहे: घराबाहेर जाण्याचा आदेश कोणत्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही. म्हणजे सासूबाईंना कुणी हलवू शकत नाही. उलट बाजूने, ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा वापरून सुनेला बाहेर काढण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतील, एकाचा वापर दुसरा मोडण्यासाठी करता येणार नाही. कागदावर हे न्याय्य आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ दोन बायका एका स्वयंपाकघरात, मधला माणूस नसताना. ते कसं असतं, त्याचं कलम नाही.

*

आम्ही अर्ज केला. ती तात्पुरती जिथे राहते तिथेही अर्ज करता येतो, म्हणून पुण्यातच केला. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेही तेव्हाच कळलं. वकीलबाई चांगल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "कायदा म्हणतो तीन दिवसांत पहिली तारीख, साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न. तू मनाची तयारी महिन्यांची ठेव."

पहिली तारीख पाच आठवड्यांनी लागली. मग नोटीस बजावली गेली नाही. मग समोरचे वकील आले नाहीत. मग साहेब रजेवर. प्रत्येक तारखेला ताई छोटीला शेजारी सोडून जायची आणि दुपारी परत यायची. आठव्या महिन्यात अंतरिम आदेश झाला: तिला घरात राहता येईल, नवऱ्याने तिथे यायचं नाही, आदेश मोडला तर तो गुन्हा.

आठ महिने. एवढ्या काळात गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. मूल नव्या शाळेत रुळतं आणि मग त्याला पुन्हा उपटावं लागतं. या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याचं पद आहे, ज्याने बाईच्या वतीने अहवाल द्यायचा, अर्जाला मदत करायची. अनेक ठिकाणी ते दुसऱ्याच कुणाच्या टेबलावरचं जादा काम असतं. मे २०२५ मध्ये, म्हणजे कायदा होऊन वीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की हे अधिकारी तालुका पातळीपर्यंत नेमा.

ऑस्ट्रियात १९९७ पासून पोलीस मारणाऱ्याला जागच्या जागी घराबाहेर काढू शकतात आणि काही दिवस परत येण्यास मनाई करतात. तेवढ्यात बाईने न्यायालयात जाऊन पुढचा आदेश घ्यायचा. म्हणजे पहिल्या रात्री निघतो तो. आपल्याकडे निघण्याचा आदेश न्यायालयातून येतो आणि तो येईपर्यंत निघालेली असते ती. मला कुणी विचारलं की कायदा कुठे मजबूत करायचा, तर मी या पहिल्या रात्रीकडे बोट दाखवीन. फाशीची चर्चा त्यानंतर करू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीनुसार १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या सुमारे १४ टक्के. त्यातल्या बहुतेक जणी आपल्याच कुटुंबाकडे जातात, पोलिसांकडे फार थोड्या. म्हणजे त्यांचा पहिला फोन तुम्हाला किंवा मला येतो. त्या क्षणी कायद्याच्या जागी आपण उभे असतो आणि आपण म्हणतो, बॅग भर.

*

तर मी चुकले का?

त्या रात्री ताई तिथे थांबली असती तर काय झालं असतं, मला माहीत नाही. घरात राहण्याचा हक्क म्हणजे मार खात घरात थांबण्याची सक्ती नव्हे. जिला निघायचं आहे तिला निघता आलंच पाहिजे, आणि तिच्यासाठी दार उघडणारं कुणीतरी पाहिजे. रखमाबाईंना कायदा घरात ढकलत होता. ताईला मी घराबाहेर ढकललं. दोघींना विचारलं कुणीच नाही. माझी चूक तेवढी होती. मी तिला पर्याय दिला नाही, एकच वाट दाखवली, आणि त्यालाच वाचवणं म्हटलं.

ताई गेल्या पावसाळ्यात परत त्या घरात राहायला गेली. सासूबाईंनी दार उघडलं आणि आत निघून गेल्या. पहिले तीन आठवडे दोघी बोलल्या नाहीत. गॅसच्या दोन शेगड्यांवर दोन वेगळ्या भाज्या शिजत होत्या. आता छोटीच्या निमित्ताने कामापुरतं बोलतात. मशीनवर चादर होती, पट्टा उंदराने कुरतडला होता. तो बदलला. जुन्यातली निम्मी गिऱ्हाइकं परत आली. खटला अजून चालू आहे, आणि संध्याकाळी गल्लीत मोटारसायकल थांबली की ती अजून दचकते.

मागच्या महिन्यात ऑफिसमधल्या एका मुलीचा मला रात्री फोन आला. तिच्या बहिणीबद्दल होता. "बॅग भर" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी आधी विचारलं, आत्ता ती सुरक्षित आहे का, दाराला आतून कडी आहे का, १८१ किंवा ११२ ला फोन करता येईल का. मग विचारलं, "तिला कुठे राहायचंय?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "हे तिला आम्ही विचारलंच नाही."